माळ्यावरचा संगणक

गेल्या उन्हाळ्यात निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार पत्र्याची एक पेटी घेऊन घरी आले. पेटी आमच्याच हातची होती. २००३ मध्ये नाशिकला पदविकेच्या शेवटच्या वर्षाला असताना आम्ही चार मित्रांनी प्रोजेक्ट म्हणून ती केली होती. ते दिवस भारनियमनाचे. रात्री केव्हाही वीज आली की ही पेटी विहिरीवरची मोटर आपोआप सुरू करी आणि चाळीस मिनिटांनी बंद करी.

"भाऊ, पेटी अजून पक्की आहे. फक्त चाळीस मिनिटांचा एक तास करून द्या," ते म्हणाले. मला वाटले, पाच मिनिटांचे काम. प्रत्यक्षात तीन आठवडे लागले. का लागले, हे सांगायचे तर थोडे मागे जायला हवे.

पेटीत ८०५१ घराण्यातली चिप होती. इंटेलने ही चिप १९८० मध्ये आणली. आकडेमोड करणारा मेंदू, स्मरणशक्ती आणि बाहेरच्या तारा जोडण्याची सोय एकाच तुकड्यात असते, म्हणून तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. प्रोग्रॅमसाठी जागा अवघी ४ किलोबाइट. सुरुवातीला हौशी माणसाला ८७५१ हा खिडकीचा प्रकार घ्यावा लागे. चिपच्या पाठीवर काचेची खिडकी असे आणि जुना प्रोग्रॅम पुसायला ती अतिनील दिव्याखाली ठेवावी लागे. १९९० च्या दशकात अ‍ॅटमेल कंपनीची ८९सी५१ आली. ती विजेनेच पुसता येई. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टांत मग तीच दिसू लागली.

प्रोग्रॅम असेंब्ली भाषेत लिहायचा, डॉसवरच्या असेंबलरने त्याचे आकडे करायचे आणि संगणकाच्या प्रिंटर पोर्टला जोडलेल्या घरगुती सर्किटने ते चिपमध्ये भरायचे, अशी आमची रीत होती. विंडोज ९८ पर्यंत हे सुरळीत चाले, कारण कोणताही प्रोग्रॅम पोर्टशी थेट बोलू शके. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने सुरक्षेसाठी ती वाट अडवली. पुढे ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम चालेनासे झाले आणि लॅपटॉपवरून प्रिंटर पोर्टच गेले. यूएसबीला लावायची प्रिंटर केबल मिळते, पण ती छपाईपुरती. एकेक तार हवी तेव्हा चालू-बंद करणे तिला जमत नाही. २००५ मध्ये इटलीत आर्दुइनो जन्माला आले आणि नवी मुले तिकडे वळली. २००७ मध्ये इंटेलने स्वतः ८०५१ बनवणे थांबवले. इतर कंपन्यांनी ते घराणे चालू ठेवले.

म्हणजे चिप शाबूत, पण तिच्याशी बोलायची साधने गेलेली! त्यात आम्ही हुशारीने चिपला कुलूप घातले होते. कुणी प्रोग्रॅम चोरू नये म्हणून. आता तो आम्हालाच वाचता येईना.

माझा जुना संगणक मी केव्हाच भंगारवाल्याला दिला होता. सातपूरला एका मित्राच्या माळ्यावर विंडोज ९८ चा संगणक सापडला. त्याची हार्ड डिस्क काढून नव्या संगणकाला जोडली, तेव्हा असेंबलर मिळाला. प्रोग्रॅमची फ्लॉपी मात्र बुरशीने खाल्ली होती.

शेवटी आठवला तो प्रोजेक्ट रिपोर्ट. काळ्या बांधणीचा, वर सोनेरी अक्षरे. आमच्यातल्या एकाच्या आईने तो जपून ठेवला होता. शेवटच्या परिशिष्टात अख्खा प्रोग्रॅम छापलेला, प्रत्येक ओळीपुढे टीप. तो पुन्हा टंकित केला. डॉसबॉक्स नावाचा मोफत प्रोग्रॅम नव्या संगणकात डॉसचे सोंग आणतो. त्यात असेंबलर चालवला. ८९एस५२ ही तशाच चाळीस पायांची चिप आणली आणि यूएसबीच्या प्रोग्रॅमरने भरली. मोटर बरोबर एका तासाने थांबली.

सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांत, बागांत, पंपांवर अशा कितीतरी चिपा आजही मुकाट काम करत असतील. त्यांच्या चाव्या कुणाच्या तरी माळ्यावर आहेत. जुना संगणक भंगारात देण्याआधी एकदा आत डोकावावे. प्रोग्रॅम, तो ज्या सॉफ्टवेअरवर केला ते सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती, तिन्ही एकत्र ठेवावीत. आणि शक्य तर छापून ठेवावे.

निफाडच्या पेटीच्या झाकणाआड आता प्रोग्रॅमची छापील प्रत चिकटवली आहे. नव्या चिपला कुलूप घातलेले नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)