बँकेने खात्यातून पैसे कापले? ते परत कसे मागायचे, वाचा सविस्तर

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या वस्तीवरच्या एक मावशी पासबुक घेऊन घरी आल्या. निराधारचे १,५०० रुपये जमा झाल्याचं त्यांना कळलं होतं. बँकेत गेल्या तर खात्यात ३९४ रुपये शिल्लक. काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, "मिनिमम बॅलन्स नव्हता, सिस्टीमनं कापले."

पासबुक छापून आणलं तेव्हा सगळा हिशोब लागला. हे खातं त्यांनी कधीतरी दुसऱ्याच कामासाठी काढलेलं होतं. वर्षापूर्वी त्यात ३१० रुपये होते. मग दर महिन्याला ११८ रुपये कापायला सुरुवात झाली. १०० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. पहिल्या महिन्यात १९२ उरले, दुसऱ्या महिन्यात ७४, आणि तिसऱ्या महिन्यात खातं उणे ४४ वर गेलं. बारा महिन्यांत १,४१६ रुपये कापले गेले आणि खातं उणे १,१०६ झालं. आधार याच खात्याला जोडलेलं होतं, म्हणून निराधारचे पैसे इथेच येऊन पडले आणि आल्या आल्या बँकेने आपली बाकी वळती करून घेतली.

असं आपल्या तालुक्यात किती जणांचं झालं असेल, सांगता येत नाही, कारण पासबुकात वर्ष वर्ष एण्ट्री मारून घेत नाही आपण. पण देशाचा आकडा लोकसभेत सरकारनेच दिला आहे. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिल्लक नसल्याच्या दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी रुपये गोळा केले. त्यात खासगी बँका धरलेल्याच नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते एकदम जमा झाले तेव्हाही हीच तक्रार राज्यभरातून आली होती, आणि महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांना बँकांना सांगावं लागलं होतं की हे पैसे कापू नका.

*नियम काय सांगतो*

किमान शिल्लक किती ठेवायची हे ठरवण्याचा अधिकार बँकेला आहे, त्याबद्दल भांडून उपयोग नाही. पण दंड कसा लावायचा यावर रिझर्व्ह बँकेने बंधन घातलेलं आहे. २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. ते व्यापारी बँकांसाठी, म्हणजे सरकारी आणि खासगी बँकांसाठी आहे. त्यातल्या तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

एक, शिल्लक कमी झाली की बँकेने आधी खातेदाराला कळवायला हवं. एसएमएस, ईमेल किंवा पत्र, काहीही चालेल. कळवल्यापासून एक महिन्यात शिल्लक भरली नाही, तरच दंड. दोन, दंड हा जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात हवा. समजा किमान शिल्लक २,००० आहे आणि खात्यात ५०० आहेत, तर कमी पडले १,५००. दंड त्या १,५०० वर ठरलेल्या टक्क्यांनी किंवा टप्प्याने काढायचा. शंभर रुपये कमी पडले तरी तेवढाच आणि पंधराशे कमी पडले तरी तेवढाच, असा दंड बसत नाही. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फक्त या दंडामुळे बचत खातं उणे होता कामा नये. खात्यात ७४ रुपये असतील तर बँक फार तर खातं शून्यावर आणू शकते, त्याच्या खाली नाही.

मावशींच्या खात्यातले १,१०६ रुपये इथेच चुकीचे ठरतात. त्याला फार कायदा लागत नाही, पासबुकातली उणे खूण पुरते.

काही बँका आता खातं उणे दाखवत नाहीत. दंडाची रक्कम 'होल्ड' किंवा 'लियन' म्हणून बाजूला मांडून ठेवतात आणि पैसे आले की उचलतात. माझ्या मते हा त्याच नियमाला दिलेला वळसा आहे. तुमच्या खात्यात असं झालं असेल तर अर्जात ते वेगळं लिहा, म्हणजे बँकेला त्यावर वेगळं उत्तर द्यावं लागेल.

दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार न झाल्याने खातं बंद अवस्थेत, म्हणजे 'इनऑपरेटिव्ह' गेलं असेल तर किमान शिल्लकेचा दंड लावताच येत नाही. ते पुन्हा चालू करायलाही शुल्क नाही. १ एप्रिल २०२४ पासूनचा हा नियम सहकारी बँकांनाही लागू आहे. जनधन आणि झिरो बॅलन्स खात्यात तर किमान शिल्लक हा विषयच नाही. तिथे असा दंड दिसला तर सरळ चूक समजा.

स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरचा हा दंड बंद केला. २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँक यांनीही तो काढला. त्यामुळे या बँकांत त्या तारखेनंतरची अशी कापणी दिसली तर नक्की विचारा. जुन्या कापणीला मात्र वरचेच नियम.

*आधी पासबुक, मग भांडण*

मशीनवर एण्ट्री मारून घ्या. मशीन बंद असेल, आणि ते बहुतेक वेळा बंदच असतं, तर काउंटरवरून खातेउतारा मागा. कमीत कमी दोन वर्षांचा घ्या. कापलेल्या प्रत्येक ओळीखाली पेनाने रेघ मारा. कशाचे पैसे कापले हे पासबुकात समजेल असं लिहायला रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. नुसतंच 'चार्जेस' लिहिलं असेल तर कशाचे चार्जेस, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

११८ किंवा ५९० असे आकडे दिसले तर ते १८ टक्के जीएसटी धरून केलेलं शुल्क असण्याची शक्यता मोठी. ४३६ आणि २० रुपये हे मात्र दंड नाहीत. ते प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे हप्ते आहेत, साधारण २५ ते ३१ मे दरम्यान कापले जातात. त्यासाठी तुमची संमती लागते. फॉर्मवर सही केलीच नसेल तर संमतीची प्रत मागा. बँकेला ती दाखवता आली नाही तर पैसे परत मागता येतात. पण २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आहे, तो रागाच्या भरात बंद करू नका असंच मी म्हणेन. एसएमएसचं शुल्क जेवढे एसएमएस आले त्या हिशोबानं घ्यावं, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलेलं आहे. तुमच्या फोनवर एकही मेसेज येत नसताना तिमाहीला पैसे जात असतील तर तेही अर्जात घाला.

पीककर्जाचं खातंही एकदा बघून घ्या. माझ्या स्वतःच्या खात्यात तपासणी शुल्क म्हणून ५९० रुपये लागले होते, आणि शेताकडे तर कोणी फिरकलं नव्हतं. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्ज आणि किसान क्रेडिट कार्डावर प्रक्रिया, कागदपत्रं, तपासणी, लेजर फोलिओ ही शुल्कं घेऊ नयेत, असं इंडियन बँक्स असोसिएशनने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना कळवलेलं आहे. एवढं एक वाक्य अर्जात लिहिलं, आठवड्यात पैसे परत आले.

*अर्ज असा लिहा*

तोंडी बोलून काही होत नाही. मॅनेजर साहेब चांगले असतात, "बघतो" म्हणतात, सहा महिन्यांनी त्यांची बदली होते. कागद द्या. भाषा साधी ठेवा, आरोप करू नका. मावशींसाठी आम्ही लिहिलेला अर्ज साधारण असा होता:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय : किमान शिल्लक दंडापोटी कापलेली रक्कम परत मिळणेबाबत. महोदय, माझ्या बचत खाते क्रमांक ..... मधून दि. ..... ते दि. ..... या काळात किमान शिल्लक नसल्याच्या कारणाने एकूण रुपये ..... कापण्यात आले आहेत. दंड लावण्यापूर्वी मला सूचना दिली असल्यास तिची तारीख व ती कोणत्या मोबाइल क्रमांकावर अथवा पत्त्यावर पाठवली ते लेखी कळवावे. सदर दंडामुळे दि. ..... रोजी माझे खाते उणे झाले आहे. हे रिझर्व्ह बँकेच्या दि. २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाशी विसंगत आहे. तरी ही रक्कम जीएसटीसह माझ्या खात्यात परत जमा करावी. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करावी लागेल. सोबत पासबुकाची झेरॉक्स."

दोन प्रती काढा. एक बँकेत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोच म्हणजे पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे, ती घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर पोस्टात जाऊन तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. ग्राहक सेवा केंद्रावर किंवा बँक मित्राकडे अर्ज देऊन भागत नाही, शाखेतच द्या.

मावशींच्या अर्जाला एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं. खातं उणे गेलं होतं ते १,१०६ रुपये परत जमा झाले. आधीचे ३१० मात्र मिळाले नाहीत. बँकेने दाखवलं की सूचनेचा एसएमएस पाठवला होता. तो गेला होता त्यांच्या मुलाच्या जुन्या नंबरवर, जो बंद होऊन तीन वर्षं झाली होती. नंबर बदलल्याचं आपण बँकेला कळवलं नव्हतं, तेव्हा तिथे आमची बाजू लंगडी पडली. मावशींना ते पटलं नाही. "मला वाचताच येत नाही, मेसेज आला असता तरी काय कळलं असतं?" असं त्या म्हणाल्या. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

*बँकेने दाद दिली नाही तर*

तीस दिवस थांबा. उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं. १२ नोव्हेंबर २०२१ ला एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली, तेव्हापासून कुठल्याही बँकेची तक्रार एकाच ठिकाणी करता येते. फी नाही. वकील लागत नाही. बँकेत आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतोच. तो नसेल तर तक्रार तिथेच निकाली निघते. म्हणून पोचेचं इतकं सांगितलं. मुदतीच्या शेवटाची वाट बघू नका, तीस दिवस झाले की पुढच्या एक-दोन महिन्यांतच तक्रार करून मोकळे व्हा.

ऑनलाइन करायची असेल तर पत्ता आहे सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. हे जमत नसेल तर कागदावर लिहून, पोच आणि पासबुकाची झेरॉक्स जोडून पोस्टाने पाठवा : केंद्रीकृत प्राप्ती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. तक्रार कशी करायची हे विचारायला १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. गुगलवर सापडलेल्या भलत्याच 'कस्टमर केअर' नंबरवर फोन लावू नका. पैसे परत करतो म्हणून जो ओटीपी मागेल तो चोरच.

जिल्हा मध्यवर्ती बँकेत खातं असलेल्यांना आतापर्यंत हा रस्ता नव्हता. १ नोव्हेंबर २०२५ पासून राज्य सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही लोकपाल योजनेत आल्या आहेत. २०१४ चं परिपत्रक मात्र तिथे दाखवू नका, ते व्यापारी बँकांचं आहे. त्या बँकेचं स्वतःचं सेवाशुल्क पत्रक मागा आणि त्यापेक्षा जास्त कापलं असेल तर तक्रार करा. पतसंस्था या योजनेत बसत नाही, तिची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, पण हजार रुपयांसाठी जिल्ह्याला तारखेवर तारखा करणं परवडतं का, हे ज्याचं त्यानं बघावं.

दंड पुन्हा बसू नये म्हणून खातं झिरो बॅलन्समध्ये बदलून घेता येतं. त्यासाठी शाखेत एक अर्ज द्यायचा. या खात्यात पैसे कितीही वेळा भरता येतात, महिन्यात चार वेळा काढणं मोफत आहे आणि एटीएम कार्डही फुकट. फक्त त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. मावशींचं खातं दिवाळीआधी बदलून झालं, मोबाइल नंबरही नातीचा टाकला. ती बारावीला आहे, आलेला मेसेज वाचून दाखवते.