रिकामी पुढची सीट

१३ मार्च २००४ ला कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात एक विचित्र शर्यत झाली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'दार्पा' या संशोधन संस्थेने ती भरवली होती. अट अशी की गाडीत माणूस नको, आणि बाहेरून रिमोटने चालवायचीही नाही. अंतर सुमारे २३० किलोमीटर, बक्षीस १० लाख डॉलर. सगळ्यात लांब गेली ती कार्नेगी मेलन विद्यापीठाची गाडी. किती लांब? जेमतेम १२ किलोमीटर! एका वळणावर ती बांधावर चढून अडकली आणि तिथेच बसली. बक्षीस कोणालाच मिळालं नाही.

आज त्याच राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, कोणीही फोन काढून बिनड्रायव्हरची टॅक्सी बोलावू शकतो. कुठे जायचं ते टाकायचं, भाडं आधीच दिसतं, 'हो' म्हणायचं. थोड्या वेळाने एक पांढरी जॅग्वार येऊन उभी राहते. टपावरच्या गोल घुमटावर तुमच्या नावाची आद्याक्षरं चमकतात, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत बसायला नको. फोननेच दार उघडायचं, पट्टा लावायचा, पडद्यावरचं 'सुरू' बटण दाबायचं. की निघाली! स्टीअरिंग आपलं आपण फिरतं आणि पुढची सीट रिकामी. पहिली पाच मिनिटं पोटात गोळा येतो. नंतर माणूस फोन बघत बसतो. माणसाला कशाचीही सवय होते, नाही का?

मला मात्र हे बटण दाबताना सारखं वाटत राहतं, की यामागे एक नाही, दोन इतिहास आहेत. एक गाडीचा आणि एक ड्रायव्हरचा. गाडीचा सगळे सांगतात. ड्रायव्हरचा कोणी फारसा सांगत नाही. आमच्या घरात तो थोडा माहितीचा आहे, कारण माझे मामा मुंबईत तीसेक वर्षं टॅक्सी चालवत होते.

आधी गाडीचा, थोडक्यात. २००५ च्या ऑक्टोबरात तीच शर्यत पुन्हा झाली आणि या वेळी पाच गाड्यांनी ती पूर्ण केली. स्टॅनफर्डची 'स्टॅन्ली' पहिली आली. २००७ मध्ये खोट्या शहरात, रहदारीचे नियम पाळत शर्यत झाली, ती कार्नेगी मेलनने जिंकली. मग त्या शर्यतींतलीच बरीच मंडळी गूगलने गोळा केली आणि २००९ मध्ये काम सुरू केलं. २०१५ साली ऑस्टिनमध्ये स्टीव्ह महान नावाचे जवळजवळ पूर्ण अंध गृहस्थ एका छोट्या गाडीतून एकटे फिरून आले. त्या गाडीला स्टीअरिंगच नव्हतं! २०१६ मध्ये या प्रकल्पाची 'वेमो' नावाची वेगळी कंपनी झाली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये फिनिक्स भागात सर्वसामान्यांसाठी बिनड्रायव्हरची टॅक्सी सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्कोत ती सगळ्यांना खुली व्हायला जून २०२४ उजाडला.

मध्ये जे झालं तेही सांगायला हवं. १८ मार्च २०१८ च्या रात्री अॅरिझोनातल्या टेम्पी गावात उबरच्या चाचणीतल्या गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला धडक दिली आणि ती गेली. त्या गाडीत लक्ष ठेवायला माणूस बसवलेला होता, तरीही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीने उडवलेली एक बाई 'क्रूझ' कंपनीच्या बिनड्रायव्हरच्या गाडीखाली सापडली आणि त्या गाडीने तिला काही अंतर फरफटत नेलं. त्याच महिन्यात राज्याने क्रूझचा परवाना स्थगित केला आणि २०२४ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सने त्या टॅक्सीतून अंगच काढून घेतलं. तेव्हा हा प्रवास काही गुळगुळीत रस्त्यावरून झालेला नाही.

आता ड्रायव्हरचा इतिहास. १६३४ साली लंडनमध्ये कॅप्टन बेली नावाच्या एका निवृत्त दर्यावर्दीने स्ट्रँडवर चार घोडागाड्या उभ्या केल्या. गाडीवानांना एकसारखा पोशाख दिला आणि कुठे जायचे किती पैसे घ्यायचे ते ठरवून दिलं. भाड्याच्या गाडीचा स्टँड म्हणतात तो हा. त्या काळी गाडीवान म्हणजे चार गोष्टी एकत्र. भाडं सांगणारा तोच, रस्ता जाणणारा तोच, कोणाला बसवायचं हे बघणारा तोच आणि लगाम धरणाराही तोच.

पुढे यातली एकेक गोष्ट त्याच्याकडून गेली. १८९१ मध्ये जर्मनीत विल्हेल्म ब्रून यांनी टॅक्सीमीटर तयार केला. 'टॅक्सी' हा शब्दच त्या मीटरवरून आला. झालं, घासाघीस संपली, भाडं यंत्र सांगू लागलं. मुंबईत १९११ च्या सुमारास मोटार टॅक्सी आल्या आणि हळूहळू व्हिक्टोरिया मागे पडल्या. मग रस्त्याची पाळी. लंडनच्या टॅक्सीवाल्याला आजही चेरिंग क्रॉसच्या सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. पण फोनमध्ये नकाशा आल्यावर काल गावात आलेला मुलगाही टॅक्सी चालवू लागला. २०१० मध्ये उबर सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली, त्याच साली आपल्याकडे ओलाचा जन्म झाला, २०१३ मध्ये उबर भारतात आली. गिऱ्हाईक कोण आणि भाडं किती, हे अ‍ॅप ठरवू लागलं. राहिलं काय? फक्त स्टीअरिंग धरलेले दोन हात. ते गेले तेव्हा आपण सगळे दचकलो.. पण ड्रायव्हर काही एका दिवसात गेला नाही. तो हप्त्याहप्त्याने गेला, शंभरेक वर्षं.

मामांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे. मीटर डाऊन केल्यावर माझं तोंड बंद झालं, एवढं खरं." त्यांची प्रीमियर पद्मिनी होती. बॉनेटच्या डाव्या बाजूला बाहेर तो लोखंडी मीटर, आणि भाडं वाढलं की मीटर जुनाच, सोबत एक कार्ड. ते कार्ड दाखवून पैसे घ्यायचे आणि प्रत्येक दुसरं गिऱ्हाईक संशयाने बघायचं. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती जात रस्त्यावरून कायमची गेली. मामा तोपर्यंत निवृत्त झाले होते. त्या दिवशी त्यांनी पेपरातला फोटो कापून ठेवला, असं मामी सांगतात.

आता दुसरी बाजू, म्हणजे माझी आई. वय ७४. दर दोन वर्षांनी सहा महिने माझ्याकडे येते. आम्ही आधी एका उपनगरात राहायचो आणि तिथे आईचे सहा महिने म्हणजे खिडकीतली कैद. गाडी चालवता येत नाही, चालत जाण्यासारखं काही नाही. डोंबिवलीत एकटी बँकेत, मंडईत, भिशीला जाणारी बाई इथे "तुला वेळ असेल तेव्हा ने" म्हणायची. ते वाक्य मला फार लागायचं. शहरात आलो तरी इथले चढ आणि तिचे गुडघे यांचं जमेना.

या खेपेला मी तिला टॅक्सीचं अ‍ॅप घालून दिलं. पहिल्यांदा मी सोबत बसले. "अगं, याला सांग ना, त्या कोपऱ्यावर घे बाजूला," ती सवयीने म्हणाली. मग स्वतःच गप्प झाली, कारण सांगायचं कोणाला? मी तिला पडद्यावर गाडी बाजूला घ्यायचं बटण दाखवलं. तिसऱ्या खेपेला ती एकटी गेली, ग्रंथालयात. परत आली तेव्हा चेहरा असा, की जणू मॅट्रिकचा निकाल लागलाय. "कोणाची वाट बघावी लागली नाही," एवढंच म्हणाली. स्टीव्ह महान यांना त्या छोट्या गाडीत काय वाटलं असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

मग मी कोणाच्या बाजूने? आईच्या की तिच्या सख्ख्या भावाच्या? डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात नितीन गडकरी म्हणाले होते, की बिनड्रायव्हरच्या गाड्या ते भारतात येऊ देणार नाहीत, ड्रायव्हरांचे रोजगार जातील. इथल्या मित्रमंडळींत त्यावर बरीच थट्टा झाली. मला काही हसू आलं नाही. माझ्या मामेभावंडांच्या फिया ज्या टॅक्सीतून भरल्या गेल्या, तीवर मी हसणार कशी?

आणि ड्रायव्हर फक्त गाडी चालवतो, हे तरी कुठे खरं आहे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. मामांच्या टॅक्सीत त्या दिवशी एक बाई आणि तिचं लहान मूल होतं. कुर्ल्याजवळ पाणी सीटपर्यंत आलं. मामांनी टॅक्सी तिथेच सोडली, मुलाला खांद्यावर घेतलं आणि छातीभर पाण्यातून दोघांना घरी पोचवलं. पहाट झाली. टॅक्सी दोन दिवसांनी सापडली, इंजिनात चिखल. मीटरवर जे भाडं झालं होतं तेही त्यांनी घेतलं नाही. हे काम कुठल्या लायसनवर लिहिलेलं नसतं.

यंत्राचं असं आहे, की अडचण आली की ते थांबतं. २० डिसेंबर २०२५ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या भागात वीज गेली, सिग्नल बंद पडले, आणि वेमोच्या कितीतरी गाड्या चौकाचौकांत नुसत्या उभ्या राहिल्या. कंपनीला सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. थांबणं हे चुकीचं नाही, धडकण्यापेक्षा बरंच! पण थांबल्यावर उतरून कोणी पाण्यात पाय घालत नाही. दूर कुठेतरी मदतनीस बसलेले असतात, गाडी त्यांना अडलेलं विचारते. पण त्यांना खांदा नसतो.

म्हणून मला वाटतं, आईला ती टॅक्सी मिळू दे, जरूर मिळू दे. पण त्या रिकाम्या सीटवरून जो उठला त्याचा हिशोबही कोणीतरी मांडायला हवा. मीटर आला तेव्हा मांडला नाही, अ‍ॅप आलं तेव्हाही मांडला नाही. हा शेवटचा हप्ता आहे.

असो. मामांना मी सगळं सविस्तर सांगितलं.. घुमट, आद्याक्षरं, आपोआप फिरणारं स्टीअरिंग. ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, आता काही हळवं बोलतील. त्यांनी विचारलं, "गिऱ्हाईक सोडल्यावर परत येताना रिकामी येते का?"

"बऱ्याचदा येते," मी म्हणाले.

"मग तिलाही तोच त्रास आहे," मामा म्हणाले.