नगरनियोजनाच्या उच्च शिक्षणाची भारतातील घडण

नगरनियोजनाचा स्वतंत्र विद्यापीठ विभाग जगात पहिल्यांदा निघाला तो १९०९ मध्ये, इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे. त्यामागे सनलाइट साबणाचे कारखानदार विल्यम लिव्हर होते. कामगारांसाठी पोर्ट सनलाइट ही टुमदार वसाहत त्यांनी आधीच बांधली होती. पुढे वृत्तपत्रांविरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात मिळालेल्या भरपाईतून त्यांनी विद्यापीठाला देणगी दिली आणि ‘सिव्हिक डिझाइन’ विभाग उभा राहिला. स्टॅन्ली ॲडशेड हे त्याचे पहिले प्राध्यापक. त्यांच्यानंतर पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी आले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गृहनिर्माण व नगररचनेचा कायदा केला. आराखडे करण्याचे अधिकार स्थानिक संस्थांना मिळाले, तेव्हा ते करणारी माणसे तयार करणे ओघानेच आले. शिकवण मात्र वास्तुविशारदांच्या वळणाची राहिली: रस्त्यांची आखणी, चौक, इमारतींच्या दर्शनी बाजू. अमेरिकेत हार्वर्डने याच साली हा विषय उद्यानरचनेच्या विभागात शिकवायला घेतला. स्वतंत्र शाळा १९२९ मध्ये, रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून निघाली.

भारतात क्रम थोडा वेगळा लागला. इथे आधी प्लेग आला. १८९६ च्या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, त्यांतून रुंद रस्ते काढणे आणि नव्या वसाहती आखणे हे त्याचे काम. १९१५ मध्ये मुंबई इलाख्याने देशातला पहिला नगररचना कायदा केला. त्यातील ‘टाउन प्लॅनिंग स्कीम’ ही कल्पना फार नेमकी होती. शहराच्या कडेची वेडीवाकडी शेते कागदावर एकत्र करायची, त्यांतून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या आणि उरलेली जमीन नीट चौकोनी भूखंड पाडून त्याच मालकांना परत करायची. मालकाच्या हाती जमीन कमी येई, पण तिला रस्ता मिळालेला असल्याने तिची किंमत वाढलेली असे, आणि त्या वाढीतला काही वाटा त्याने खर्चापोटी द्यायचा असे. पुण्यात शिवाजीनगर, मुंबईत सांताक्रूझ, विलेपार्ले इथल्या पत्त्यांत आणि खरेदीखतांत ‘फायनल प्लॉट’चा क्रमांक आजही येतो तो याच पद्धतीमुळे. एवढा कायदा झाला, पण तो राबवणाऱ्यांसाठी एकाही भारतीय विद्यापीठात अभ्यासक्रम नव्हता. भूमापक आणि स्थापत्य अभियंते काम करता करता शिकत. सवड आणि पैसा असणारे इंग्लंडला जात.

ही उणीव भरून काढण्याची सर्वांत मोठी संधी मुंबईलाच मिळाली, आणि ती आणणारे होते पॅट्रिक गेडिस. मूळचे स्कॉटलंडचे, शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ, डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते १९१४ मध्ये भारतात आले. त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचे नकाशे आणि चित्रे ज्या जहाजातून येत होती ते जर्मन युद्धनौका ‘एमडेन’ने बुडवले. मित्रांनी इंग्लंडातून नवी सामग्री जमवून पाठवली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन उघडले. पुढच्या काही वर्षांत गेडिस यांनी देशातील अनेक शहरांवर अहवाल लिहिले. पहिल्या अहवालांत मुंबई इलाख्यातले ठाणे होते; सर्वांत विस्तृत अहवाल इंदूरचा, १९१८ मध्ये दोन खंडांत छापलेला.

गेडिस यांची पद्धत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या अगदी उलट होती. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. एखाद्या पेठेत सरळ रेषेत रस्ता घालून शेकडो घरे पाडण्याऐवजी ते गल्लीबोळांतून पायी हिंडत, कोणते घर पडके आहे, विहीर कुठे आहे, कुठल्या झाडाखाली लोक बसतात हे टिपत, आणि मोजकी पडकी घरे हटवून तिथे छोटी अंगणे मोकळी करत. खर्च थोडा येई आणि माणसे उठवावी लागत नसत. इंदूरमध्ये प्लेगच्या दिवसांत त्यांनी एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत जास्त स्वच्छ आणि दुरुस्त झाली असतील तिथून जाईल, असे त्यांनी जाहीर केले. झाडलोट आणि रंगरंगोटीला शहरभर चढाओढ लागली. आराखडा कागदावर उतरण्याआधी लोकांच्या मनात उतरला पाहिजे, हे त्यांच्या शिकवणीचे सार या एका प्रसंगात आहे.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने ‘सोशिऑलॉजी अँड सिव्हिक्स’ हा विभाग काढून गेडिस यांना त्याचे प्राध्यापक केले. समाजशास्त्र आणि शहराचा अभ्यास एकाच छताखाली, आणि तोही पदव्युत्तर पातळीवर, ही रचना त्या काळात इंग्लंड-अमेरिकेतही दुर्मीळ होती. लिव्हरपूलला शिकणारा विद्यार्थी आराखड्याच्या मेजाशी बसे. गेडिस यांचा विद्यार्थी डोंगरापासून समुद्रापर्यंतचा प्रदेश, त्यातले व्यवसाय आणि त्या व्यवसायांतून घडलेली वस्ती असे एकत्र पाहायला शिके. शहराचा विचार त्याच्या भोवतालच्या प्रदेशासकट करायचा, ही आजच्या प्रादेशिक नियोजनाची मूळ कल्पना आहे. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये या वर्गात आले. मुंबई शहरावर त्यांनी लिहिलेला निबंध गेडिस यांना आवडला आणि त्यातून त्यांची इंग्लंडला शिकायला जाण्याची वाट खुली झाली.

१९२४ मध्ये गेडिस भारत सोडून फ्रान्सला गेले आणि विभागाची सूत्रे घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये यांनी भारतीय समाजशास्त्राचा पाया घातला, जात, आदिवासी आणि कुटुंबसंस्था यांवर मोठे काम केले आणि पुढे शहरांवर ग्रंथही लिहिले. पण आराखडा, कायदा आणि नगरपालिका यांच्याशी विभागाचा जो धागा गेडिस यांनी जोडला होता तो सुटला. कायदा आणि नगररचना खाते असलेल्या इलाख्यात, त्याच शहरातले विद्यापीठ नियोजक घडवू शकले असते. ते झाले नाही, हे या विद्येच्या भारतीय इतिहासातले सर्वांत मोठे नुकसान म्हणावे लागेल.

त्यानंतरची पंचवीस वर्षे रिकामीच गेली. १९४८ मध्ये मुंबई महापालिकेचे अभियंता ना. वि. मोडक आणि अमेरिकन नियोजक आल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली. मोडक पाणीपुरवठ्याचे जाणकार. वैतरणेवरील ‘मोडकसागर’ त्यांच्याच नावाचा. फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्यांनी दिल्ली, फरिदाबाद आणि कल्याणजवळचे उल्हासनगर भरले. चंदीगड आणि भुवनेश्वर नव्याने वसवायची होती. नगररचनाकार मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९५१ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया’ ही व्यावसायिकांची संस्था स्थापन झाली. नोकरीत असलेल्यांना परीक्षा देऊन पात्रता मिळवण्याची वाट तिने उघडली.

१९५५ मध्ये केंद्र सरकारने दिल्लीत ‘स्कूल ऑफ टाउन अँड कंट्री प्लॅनिंग’ काढले. १९५९ मध्ये दिल्ली पॉलिटेक्निकचा वास्तुकला विभाग त्यात मिळाला आणि ‘स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर’ हे नाव पडले. खरगपूरच्या आयआयटीने वास्तुकलेच्या विभागाला प्रादेशिक नियोजनाची जोड दिली, अहमदाबादला १९७२ मध्ये आजच्या ‘सेप्ट’ची नियोजन शाळा निघाली, महाराष्ट्रात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि नागपूरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत, पदव्युत्तर अभ्यासक्रम आले. विषय वास्तुकला आणि स्थापत्य यांच्या घरात वाढला. समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र त्यात पाहुण्यासारखे राहिले. त्याआधीच अमेरिकेत शिकागो विद्यापीठाने नेमके उलटे करून पाहिले होते. १९४७ मध्ये रेक्सफर्ड टगवेल आणि हार्वी पर्लॉफ यांनी तिथे संपूर्णपणे सामाजिक शास्त्रांवर उभा असलेला नियोजनाचा अभ्यासक्रम सुरू केला. तो १९५६ मध्ये बंद पडला, पण त्यातून बाहेर पडलेल्यांनी पुढे अनेक विद्यापीठांतले नियोजनशिक्षण बदलले.

भारतात आज हा अभ्यासक्रम साधारणपणे दोन वर्षांचा असतो, चार सत्रांचा. वास्तुकला, स्थापत्य आणि नियोजन यांच्या पदवीधरांबरोबर भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्राचे विद्यार्थीही अनेक ठिकाणी घेतले जातात. त्याचा कणा म्हणजे ‘स्टुडिओ’. विद्यार्थ्यांच्या गटाला एक वस्ती, पुढे एक शहर, मग एक तालुका किंवा जिल्हा दिला जातो. हातात मूळ नकाशा घेऊन ते घरोघर फिरतात, तळमजल्यावर दुकान आणि वर बिऱ्हाड असेल तर तसे नोंदवतात, मजले मोजतात, नळाला पाणी किती वेळ येते ते विचारतात. परतल्यावर नकाशा रंगतो: राहण्याच्या जागा पिवळ्या, व्यापार निळा, कारखाने जांभळे, सार्वजनिक इमारती लाल, बागा-मैदाने हिरवी. आता हे काम संगणकावर होते, पण पायपीट टळलेली नाही. शेवटच्या सत्रात प्रबंध. ज्या संस्थेत ही पाहणी मनापासून होते तिथले विद्यार्थी पुढे चांगले आराखडे करतात. जिथे ती जुन्या अहवालांतून उतरवली जाते तिथे शिक्षण नियमावलीच्या पाठांतरावर येते.

पाहणीची ही परंपरा महाराष्ट्रात नियोजनाच्या वर्गांपेक्षा अर्थशास्त्रज्ञांनी आधी जोपासली. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करून ती १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केली, नी. वि. सोवनी आणि सहकाऱ्यांची फेरपाहणी १९५६ मध्ये आली. म्हणूनच १९६५ मध्ये मुंबई-पनवेल आणि पुणे प्रदेशांच्या नियोजनासाठी समिती नेमताना राज्य सरकारने अध्यक्षपद गाडगीळांना दिले, ते योग्यच होते. या समितीच्या विचारांतून शहराच्या हद्दीपलीकडचा प्रदेश कायद्यात आला आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला. ‘डीपी रोड’ आणि ‘आरक्षण’ हे शब्द घराघरांत पोहोचले ते या कायद्याखालच्या विकास योजनांमुळे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोची नवी मुंबईही याच कालखंडातली. या कामांनी राज्यातल्या नियोजन पदवीधरांना पहिल्यांदा मोठ्या संख्येने नोकऱ्या दिल्या.

अभ्यासक्रम आता देशभर पसरले आहेत. भोपाळ आणि विजयवाडा येथे २००८ मध्ये दिल्लीच्या धर्तीवर नव्या केंद्रीय संस्था निघाल्या. मागणी आणि पुरवठा यांचे गणित मात्र अजून चुकलेलेच आहे. नीती आयोगाने २०२१ मध्ये नगरनियोजनाच्या क्षमतेवर अहवाल दिला. राज्यांच्या नगररचना खात्यांना १२ हजारांहून अधिक नियोजकांची गरज असताना मंजूर जागा ४ हजारांहून कमी, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या रिकाम्या, असे त्यात नमूद आहे. अनेक राज्यांत या जागांसाठी नगरनियोजनाची पदवी आजही आवश्यक अर्हता धरली जात नाही. ती अट आधी घालायला हवी.