मॅटाडोर आणि ताशी पन्नासाचा हिशेब

#थ्रेड

नांदेडहून लोहामार्गे लातूरकडे जाताना पुढे एखादी जुनी मॅटाडोर ताशी ५०-५५ किलोमीटरने चालली असेल, तर मागचा हॉर्न वाजवतो आणि ‘इंजिनात दमच नाही’ म्हणून मोकळा होतो. त्या संथपणामागे मात्र एक हिशेब आहे.

‘टेम्पो’ हे आपण सामान्यनाम करून टाकले. मुळात ते हॅम्बुर्गच्या व्हिडाल कंपनीच्या वाहनांचे नाव. तिने १९४९ साली मॅटाडोर काढली. इंजिन फोक्सवॅगन बीटलचे, अवघे २५ अश्वशक्तीचे! पुढच्याच वर्षी फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन आली (फिरस्त्यांचे चाकांवरचे घर म्हणून जगभर गाजली ती हीच) आणि १९५२ पर्यंत मॅटाडोरला इंजिने देणे बंद झाले.

आपल्याकडे बजाज टेम्पोची स्थापना १९५८ ची. मॅटाडोर पुढे पुण्याजवळच्या आकुर्डीहून डिझेलवर धावू लागली.

आता हिशेब. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला भेदण्यासाठी लागणारी शक्ती घनाने. ताशी ६० वरून ८० वर गेलात, तर विरोध पावणेदोन पट होतो, शक्ती सव्वादोन पटींहून अधिक लागते. व्हॅनचे तोंड भिंतीसारखे सपाट, त्यात चारच गिअर. वेग वाढला की इंजिन नुसते ओरडते.

१९७३ च्या तेलसंकटात हे सरकारांनाही पटले. अमेरिकेने १९७४ च्या जानेवारीत ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, मर्यादा आणली. भारतात १९७८ साली पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ स्थापन झाला. मोटारगाड्यांसाठी त्याचा सल्ला होता ताशी ४५ ते ५५ चा; ८० च्या तुलनेत ४० टक्क्यांपर्यंत अधिक अंतर, असा त्याचा दावा.

आमच्याकडचे ‘कॅम्पर’ म्हणजे लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला निघालेली भाड्याची गाडी. आत माणसे, पीठ, स्टोव्ह, सतरंज्या, उरलेले टपावर. भाडे ठोक ठरले असेल, तर वाचलेले प्रत्येक लिटर गाडीमालकाचे. म्हणून वेग चालकाच्या हौसेवर सोडला जात नसे. तरी टपावरचे ते गाठोडे सपाटीवर वाऱ्याला अडते आणि बालाघाटाच्या चढावर वजन होऊन बसते. तिथे पन्नासाचा नियमही हात टेकतो आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये येते.