जुनी मोटारसायकल : घरच्या घरी निगा, साफसफाई आणि सीमेपलीकडची कागदपत्रं

बुऱ्हाणपूर : शहापूर, इच्छापूर, रावेर, मुक्ताईनगर, धारणी. सीमेच्या अलीकडे-पलीकडे कुठेही गेलं तरी दारात एक जुनी मोटारसायकल उभी दिसते. १९८५ साली आलेली हीरो होंडाची सीडी १००, १९९४ पासूनची स्प्लेंडर, बजाजची बॉक्सर, नाहीतर हौसेनं जपलेली यामाहा आरएक्स १००. केळीच्या बागेत जायला, पॉवरलूमवर पाळीला जायला आणि सीमेपल्याड लेकीकडे पाहुणचाराला जायला हीच गाडी. नवी गाडी घेणं प्रत्येकाला जमत नाही, आणि जुनी गाडी नीट ठेवली तर घ्यायची गरजही पडत नाही.

मात्र 'चालतेय ना, मग चालू द्या' हा हिशेब धोक्याचा आहे. इंदूर-इच्छापूर महामार्गावर ट्रकच्या मागे डबलसीट जाताना चेन तुटली किंवा असीरच्या घाटात ब्रेक लागला नाही, तर मिस्त्रीला फोन करायलाही वेळ मिळत नाही. बरीचशी निगा मात्र घरच्या ओट्यावर, महिन्यातून एखाद्या रविवारी दोन तास काढून होते.

हाताशी काय असावं

गाडीसोबत मिळालेलं टूल किट असेल तर उत्तम. नसेल तर रिंग पान्यांचा सेट, प्लग पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश, सुती फडकं, थोडं रॉकेल किंवा डिझेल, ग्रीस, चेनसाठी ९० नंबरचं गिअर ऑइल आणि हवा मोजायचा साधा गेज एवढं पुरे. काम सपाट जागेवर, डबल स्टँडवर आणि इंजिन बंद ठेवून करावं. जवळ विडी-काडी नको.

धुताना होणाऱ्या चुका

गाडी उन्हात तापलेली असताना थंड पाणी मारू नये. इंजिन आणि सायलेन्सर गार होऊ द्यावेत. सायलेन्सरचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीनं झाकावं (धुऊन झाल्यावर पिशवी काढायला विसरू नये). प्रेशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, कार्ब्युरेटरवर, एअर फिल्टरच्या डब्यावर आणि हँडलच्या स्विचवर थेट मारू नये. आत गेलेलं पाणी आठवड्यानं गंज बनून बाहेर येतं.

कपड्यांच्या पावडरीनं रंगाची चमक जाते, सौम्य शाम्पू बरा. बोअरचं पाणी जड असेल तर ते अंगावर वाळू देऊ नये, पांढरे डाग राहतात. लगेच कोरड्या फडक्यानं पुसावं. केळीचा चीक टाकीवर किंवा सीटवर पडला असेल तर त्याच दिवशी धुवावा, वाळल्यावर त्याचा तपकिरी डाग सहसा निघत नाही. धुतल्यावर गाडी पाच मिनिटं चालू ठेवावी आणि थोडं अंतर हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहावा. ड्रममध्ये पाणी गेलं असेल तर पहिल्या ब्रेकला गाडी थांबत नाही.

इंजिन ऑइल

शंभर सीसीच्या गाडीत मॉडेलनुसार साधारण पाऊण ते एक लिटर ऑइल बसतं. एवढ्याशा ऑइलवर इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स तिन्ही चालतात. म्हणूनच कारचं ऑइल मोटारसायकलमध्ये घालू नये, क्लच घसरायला लागतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' लिहिलेलं आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घ्यावं.

लेव्हल पाहताना गाडी डबल स्टँडवर घ्यावी, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करावं आणि तितकाच वेळ थांबावं. डिपस्टिक पुसून परत टेकवावी. बहुतेक हीरो होंडा गाड्यांमध्ये ती आटे न फिरवता नुसती टेकवून वाचायची असते. फिरवून पाहिली की लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

जुन्या इंजिनाचं ऑइल २,५०० ते ३,००० किलोमीटरला बदललेलं बरं. मीटर बंद असेल (जुन्या गाड्यांत तो बहुधा बंदच असतो) तर तारीख धरावी : रोज चालणाऱ्या गाडीला तीन-चार महिने. ड्रेन बोल्ट दात-ओठ खाऊन आवळू नये. अॅल्युमिनियमचे आटे गेले की दहा मिनिटांचं काम खराद्याकडे जातं. काढलेलं काळं ऑइल नाल्यात ओतलं तर ते शेवटी तापीतच पोचतं. डब्यात भरून गॅरेजवर द्यावं, तिथे ते गोळा होतं.

आरएक्स १०० आणि राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांचा हिशेब वेगळा आहे. तिथे टू-टी ऑइल पेट्रोलसोबत जळतं आणि गिअरबॉक्सचं ऑइल स्वतंत्र असतं. दोन्हींची सरमिसळ करू नये. टू-टी ऑइल संपलं तर पिस्टन जॅम व्हायला फार वेळ लागत नाही.

एअर फिल्टर आणि प्लग

बुऱ्हाणपुरात एअर फिल्टर दोन कारणांनी लवकर चोक होतो : रस्त्याची धूळ आणि पॉवरलूमच्या मोहल्ल्यांत उडणारी सुताची तूस. फिल्टर चोक झाला की गाडी काळा धूर सोडते, पेट्रोल जास्त पिते, चढाला मरते.

फोमचा फिल्टर असेल तर रॉकेलात किंवा साबणाच्या पाण्यात धुवावा, पिळताना मुरगाळू नये. सावलीत पूर्ण वाळवून दोन-चार थेंब ऑइल लावून दाबून काढावं. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. कोरडा कागद असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारावी. तेलकट कागदाचा फिल्टर मात्र थेट बदलावा. फिल्टर काढून तशीच गाडी चालवणं म्हणजे सिलिंडरला धूळ पाजणं.

प्लग इंजिन गार असताना काढावा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा फिल्टर चोक आहे. ओलं, तेलकट काळं असेल तर ऑइल जळतंय. फोर-स्ट्रोक गाडीत हे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेल्याचं लक्षण, ते काम मिस्त्रीचं. पांढराफटक असेल तर इंजिन जास्त तापतंय. प्लग परत बसवताना आधी हातानंच फिरवावा, शेवटी फक्त पान्यानं आवळावा. वाकडा चढला तर हेडचे आटे जातात.

चेन : सगळ्यात दुर्लक्षित भाग

पूर्ण कव्हर असलेल्या गाड्यांमध्ये चेन दिसतच नाही, म्हणून ती विसरली जाते. कव्हरवरचं रबरी बूच काढून बोटानं चेन वर-खाली करून पाहावी. ढिल साधारण २० ते ३० मिलिमीटर असावी. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी पाहावं. एका जागी ताठ आणि दुसरीकडे ढिली असेल तर चेन-स्प्रॉकेटचा सेटच बदलायला झालाय. नुसती चेन बदलून जुन्या झिजलेल्या स्प्रॉकेटवर चढवली तर नवी चेनही लवकर जाते.

चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या अॅडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवाव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं. चेन ताणली की मागचा ब्रेक पुन्हा सेट करावाच लागतो. चेनच्या लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेनं धावते त्या दिशेला हवी. उलटा बसवलेला लॉक निसटू शकतो.

साफ करायला रॉकेल किंवा डिझेल वापरावं, पुसून मग ९० नंबरचं ऑइल लावावं. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल चेनला घालायची सवय अनेकांना आहे, पण त्यातला कीस चेन झिजवतो. आणि एक नियम कधीच मोडू नये : गाडी गिअरमध्ये चालू ठेवून, चाक फिरत असताना चेनला फडकं लावायचं नाही. फडकं ओढलं जातं, त्यासोबत बोटंही जातात.

ब्रेक आणि टायर

ड्रम ब्रेकच्या प्लेटवर एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण खुणेपर्यंत पोचला तर लायनर संपलंय. नट आणखी आवळून दिवस काढू नयेत. ड्रम उघडला तर आतली भुकटी तोंडानं फुंकू नये, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसावं. लायनरला ऑइलचा हात लागू देऊ नये.

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे कमी नाहीत. जुन्या ड्रम ब्रेकवर सगळा भार टाकला की तो तापून पकड सोडतो. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर निम्मं काम इंजिनच करतं.

टायरची हवा गार असताना, महिन्यातून दोनदा पाहावी. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५ पीएसआय, मागे एकट्यासाठी २८ आणि डबलसीटला ४० च्या आसपास लागते. आपल्या गाडीचा नेमका आकडा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. टायरवर चार अंकी कोडही असतो : '२३१५' म्हणजे २०१५ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. नक्षी दिसत असली तरी बाजूला भेगा पडलेला जुना टायर मे महिन्याच्या डांबरावर भरवशाचा नाही.

बॅटरी आणि वायरिंग

पाण्याच्या बॅटरीत लेव्हल खालच्या रेषेच्या वर हवी. कुंडी भंडाऱ्याचं पाणी कितीही नावाजलेलं असलं तरी बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. काढताना आधी वजा (मायनस) वायर, लावताना आधी अधिक (प्लस). टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यानं आणि टूथब्रशनं काढावी, वर पातळ ग्रीस लावावं.

फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा टाकावा. तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावली तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. हँडलजवळ वायरी घासून उघड्या पडतात, तिथे आधी पाहावं.

पेट्रोल आणि कार्ब्युरेटर

आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा धरतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलचा पाइप कडक झाला, तडकला किंवा फुगला असेल तर लगेच बदलावा, खर्च किरकोळ आहे. टाकीच्या झाकणाचं रबर फाटलं असेल तर पावसाळ्यात पाणी आत जातं. गाडी उभी करताना कॉक बंद करण्याची जुनी सवय चांगलीच होती, ती चालू ठेवावी. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या खालचा स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल काढून टाकावं.

रंगरूप

क्रोमवरचा हलका गंज चुरगळलेल्या अॅल्युमिनियम फॉइलला पाणी लावून घासला की निघतो, मग मेणाचं पॉलिश. मडगार्डच्या आतल्या बाजूचा चिखल पावसाळ्यानंतर खरवडून काढावा, पत्रा आतून सडतो. सीटचं कव्हर फाटलं असेल तर लवकर शिवून घ्यावं, फोममध्ये पाणी मुरलं की खालचा पत्रा जातो. गाडी पुन्हा रंगवताना चासी नंबर आणि इंजिन नंबर झाकले किंवा घासले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. रंगच बदलला तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते.

कागदपत्रं : सीमाभागात विशेष

खासगी मोटारसायकलची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी होऊन ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढते. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. ब्रेक, दिवे, हॉर्न, इंडिकेटर चालू नसतील तर तपासणीत गाडी अडकते, म्हणून वरची कामं आधी उरकावीत.

एमपी ६८ ची गाडी जळगाव जिल्ह्यात किंवा एमएच १९ ची बुऱ्हाणपुरात ये-जा करायला हरकत नाही. पण गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते. सीमेपलीकडची जुनी गाडी विकत घेताना एनओसी आणि ट्रान्सफरचे फॉर्म २९ व ३० हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याची गाडी पुढे आपल्या नावावर होतच नाही आणि अपघात झाला तर प्रकरण अंगावर येतं. जुन्या गाडीचं पीयूसी ६ महिन्यांचं असतं आणि ते दोन्ही राज्यांत चालतं. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, गाडी कितीही जुनी असो.

मिस्त्रीकडे कधी न्यावी

टॅपेटची फट एक मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते, ती फीलर गेजशिवाय अंदाजानं सेट करू नये. सायलेन्सरमधून सतत निळा धूर, गिअर आपोआप सुटणं, हँडल सरळ मध्यावर अडकल्यासारखं होणं, चाक हलवल्यावर खडखड, फ्रेमच्या जोडावर तडा : यातलं काहीही दिसलं तर गाडी घरी उघडू नये.

लक्षात ठेवायचं वेळापत्रक

- रोज : दोन्ही ब्रेक, दिवे, खाली ऑइल-पेट्रोलचा डाग आहे का.
- पंधरा दिवसांनी : टायरची हवा, ऑइलची लेव्हल.
- महिन्याला : चेन साफ करून ऑइल, बॅटरीचं पाणी, क्लच-अॅक्सिलेटरच्या वायरीला ऑइलचे थेंब. धुळीच्या भागात फोमचा एअर फिल्टरही.
- तीन-चार महिन्यांनी : इंजिन ऑइल, प्लग, ब्रेकच्या खुणा.
- पावसाळ्याआधी : टायर, ब्रेक लायनर, टाकीच्या झाकणाचं रबर, वायरिंग.
- पावसाळ्यानंतर : मडगार्डची आतली बाजू, चेन, चाकांचं आणि हँडलचं ग्रीस.
- वर्षाला दोनदा : पीयूसी. त्याच वेळी विमा आणि आरसीची तारीख पाहून ठेवावी.