नेपथ्यांतील शब्द

संस्कृत नाटकें ज्यांनीं मुळांतून वाचलीं आहेत त्यांस ‘नेपथ्ये’ हा शब्द चांगला परिचयाचा असेल. पडद्याआडून कांहीं ऐकूं यावयाचें असलें म्हणजे कवि संवादाच्या ओळींमध्यें हा एवढाच शब्द घालतो. तो कोणी नट उच्चारीत नाहीं, कोणी प्रेक्षक ऐकत नाहीं. तरी त्याच्यामुळें रंगभूमीवर ध्वनि उत्पन्न होतो. लेखनाचा असा एक निराळाच वर्ग आहे कीं, जो रसिकांनीं वाचावा म्हणून लिहिलेला नसतो. स्वतः नाहींसें होऊन दृश्याचें आणि श्राव्याचें रूप घ्यावें, एवढाच त्याचा हेतु असतो. नाटकांतील रंगसूचना, चित्रपटाची संहिता, आणि अलीकडे कृत्रिम बुद्धीच्या यंत्राकडून सध्वनि चलच्चित्र काढवून घेण्यासाठीं लिहिला जाणारा ‘प्रॉम्प्ट’, हीं तीनही एकाच कुळांतलीं भावंडें होत.

या धाकट्या भावंडाविषयीं सध्यां पुष्कळ बोललें जातें. पण तें बहुधा एखादें नवें हत्यार कसें चालवावें अशा थाटांत. आमचें म्हणणें थोडें निराळें आहे. चित्राला शब्दांनीं वळण लावण्याचे, आणि पुढें कानासाठींही लिहिण्याचे जे धडे गेल्या सव्वाशें वर्षांत मनुष्यानें मोठ्या कष्टानें घेतले, तेच येथें पुन्हां गिरवावे लागत आहेत. तो इतिहास ज्यानें नीट पाहिला, त्यास प्रॉम्प्ट लिहिण्याची निम्मी विद्या आयतीच साध्य झाली असें समजावें.

प्रॉम्प्ट हा शब्दही रंगभूमीला नवा नाहीं. आपल्या नाटक मंडळ्यांतून विंगेंत वही उघडून बसणारा प्रॉम्प्टर जुन्या वाचकांस आठवत असेल. नट अडखळला कीं तो ओळीचे पहिले दोन शब्द हळूच पुरवी, आणि उरलेली ओळ नटाच्या तोंडून आपोआप बाहेर पडे. प्रॉम्प्टरचें सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्ही येथें एकत्र दिसतात. नटाच्या स्मृतींत जें निजलेलें आहे तें तो जागें करूं शके. जें नटाला मुळीं पाठच नाहीं, तें दोन शब्दांनीं कोठून येणार? यंत्राचेंही असेंच आहे. असंख्य चित्रफिती, त्यांतील ध्वनि आणि त्यांचीं वर्णनें यांवर तें शिकविलेलें असतें. प्रॉम्प्ट त्या शिकवणीला जाग आणतो. कोणता भाग जागा व्हावा हें सांगणाऱ्याच्या शब्दांवर अवलंबून असतें, आणि सांगणाऱ्यानें जें सांगितलें नाहीं तेथें यंत्र आपल्या संवयीप्रमाणें भर घालतें.

चलच्चित्र जन्मलें तें मुकें. ता. २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिसमध्यें ल्युमिएर बंधूंनीं तिकीट लावून आपलीं चित्रें दाखविलीं. पुढच्याच वर्षीं, ७ जुलै १८९६ रोजीं, तीं मुंबईस वॉटसन हॉटेलांत आलीं. आणि ३ मे १९१३ रोजीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. या मूकपटांनीं लेखकाला एक कडक शिस्त लावली. ‘तो मनांतून खचला’ हें वाक्य कादंबरींत शोभतें. कॅमेऱ्यापुढें त्याचा उपयोग शून्य. ‘त्यानें पत्र वाचलें, घडी घातली, पुन्हां उघडलें, आणि तो भिंतीला टेकून खालीं बसला’ असें लिहिलें म्हणजे छायाचित्रकाराला काम मिळालें. अमेरिकेंत टॉमस इन्स या निर्मात्यानें १९१० नंतरच्या दशकांत दृश्यादृश्याचा तपशील चित्रण सुरू होण्यापूर्वींच कागदावर उतरवून घेण्याची पद्धति नांवारूपाला आणली. कोठें, कोण, काय करतो, आणि तें किती जवळून दिसतें, या प्रश्नांचीं उत्तरें ज्यांत नाहींत ती संहिता अपुरी ठरूं लागली. आजच्या प्रॉम्प्टचा पूर्वार्ध म्हणजे हीच शिस्त होय.

उत्तरार्धाचा, म्हणजे ध्वनीचा, इतिहास याहून बिकट आहे. ६ ऑगस्ट १९२६ रोजीं न्यूयॉर्क येथें ‘डॉन वॉन’ हा चित्रपट व्हायटाफोन यंत्रावर संगीतासह दाखविण्यांत आला, व ६ ऑक्टोबर १९२७ रोजीं ‘दि जाझ सिंगर’ या चित्रपटांतून पात्राचें गाणें व कांहीं बोलणें प्रेक्षकांच्या कानीं पडलें. या पद्धतींत ध्वनि वेगळ्या तबकडीवर असे. चित्रफितीची ठराविक चौकट आणि तबकडीवरील खूण यांचा मेळ घालून सुई ठेवावी लागे. फीत मध्येंच तुटून चार चौकटी कमी झाल्या, तर एकाचें वाक्य दुसऱ्याच्या ओठांवर जाऊन बसे. पुढें ध्वनि फितीवरच उमटूं लागला आणि ही अडचण मिटली. पण त्या तबकडीनें शिकविलेला धडा कायम राहिला: ध्वनि कोणता, एवढेंच सांगून भागत नाहीं. तो कोणत्या क्षणीं, हेंही सांगावें लागतें.

दुसरा धडा मुंबईनेंच दिला. अर्देशर इराणी यांचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजीं मॅजेस्टिक चित्रगृहांत प्रदर्शित झाला. त्याचें चित्रण ज्या जागीं चाले तिच्याजवळून आगगाडीचे रूळ गेले होते, आणि भिंती बाहेरचा आवाज अडवीत नसत; म्हणून बरेंचसें काम मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्या म्हणजे, उरकावें लागे. मूकपटाच्या काळीं आगगाडी दारावरून गेली तरी कोणाचें कांहीं बिघडत नव्हतें. बोलपटाच्या पहिल्याच वर्षीं आपल्या लोकांस कळून चुकलें कीं, नको असलेला ध्वनि वगळणें हा ध्वनिलेखनाचाच भाग आहे. शांतता ही आयती मिळत नाहीं, ती मिळवावी लागते.

तिसरा धडा ध्वनीच्या उगमाचा. १९२८ मध्यें आयझेनस्टाइन, पुदोव्किन व अलेक्झांड्रोव्ह या रशियन दिग्दर्शकांनीं एक निवेदन काढून इशारा दिला होता कीं, दिसतें तेंच ऐकविण्यापुरता ध्वनि वापरला तर चित्रकलेची हानि होईल. ध्वनीनें चित्राशीं विरोध साधून नवा अर्थ निर्माण केला पाहिजे. अमेरिकेंत जॅक फोली हा गृहस्थ पडद्यावरील पात्रांकडे पाहत त्यांच्या पावलांचे व वस्त्रांचे आवाज स्वतः काढून देई; पुढें त्या साऱ्या कलेलाच त्याचें नांव मिळालें. १९३३ च्या ‘किंग काँग’ चित्रपटांतील अजस्र वानराची डरकाळी सिंह व वाघ यांच्या आवाजांचा वेग कमी करून व ते उलट फिरवून सिद्ध करण्यांत आली होती. आणि आपल्याकडे १९३७ मध्यें व्ही. शांताराम यांनीं ‘कुंकू’ या प्रभातच्या बोलपटांत पार्श्वसंगीताला रजा दिली. जो ध्वनि कथेच्या जगांत खरोखर उत्पन्न होतो तोच प्रेक्षकांनीं ऐकावा, ही त्यामागची दृष्टि. संगीत न वापरणें हाही एक लेखनिर्णय असूं शकतो, हें त्या चित्रपटानें दाखवून दिलें.

हें सर्व येथें सांगण्याचें कारण असें कीं, कृत्रिम बुद्धीच्या चलच्चित्रांनीं हाच क्रम अवघ्या तीन वर्षांत पुन्हां चालून दाखविला. १९२२ च्या आसपास चित्रपट जसा मुका होता, तशींच २०२२ मध्यें मेटा कंपनीनें व गूगलनें दाखविलेलीं यंत्रनिर्मित चित्रेंही मुकीं होतीं. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं ओपनएआय कंपनीनें ‘सोरा’चें दर्शन घडविलें, त्यांतील चित्रांनीं जग थक्क झालें, पण तींही निःशब्द. मग गूगल डीपमाइंडनें जून २०२४ मध्यें तयार चित्रावर ध्वनि चढविणारें यंत्र जाहीर केलें, व मेटानें त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ‘मूव्ही जेन’. हा जणूं फोलीचाच यांत्रिक अवतार. शेवटीं २० मे २०२५ रोजीं गूगलनें ‘व्हिओ ३’ पुढें आणलें, आणि एकाच प्रॉम्प्टपासून आठ सेकंदांचें बोलतें चित्र निघूं लागलें. डीपमाइंडचे प्रमुख डेमिस हसाबिस यांनीं त्या वेळीं मूकपटयुगाचीच उपमा दिली होती. ३० सप्टेंबर २०२५ रोजीं ‘सोरा २’ हेंही सध्वनि होऊन आलें.

या यंत्राचें काम चालतें तें थोडक्यांत असें. निव्वळ विस्कळीत गोंधळापासून आरंभ करून, प्रॉम्प्टच्या अर्थाला अनुसरून तो पायरीपायरीनें निवळीत नेला जातो. ‘व्हिओ ३’ मध्यें चित्राचा गोंधळ आणि ध्वनीचा गोंधळ हे दोन्ही एकाच वेळीं, एकमेकांच्या संगतीनें निवळतात. म्हणजे येथें सुई खुणेवर ठेवण्याचा प्रश्न राहिला नाहीं. चित्र आणि ध्वनि जुळेच जन्मतात. पण म्हणूनच दोघांचीही जबाबदारी त्याच चार वाक्यांवर येऊन पडते.

समजा, एखाद्यानें लिहिलें: ‘खेड्यांतील सुंदर, भावपूर्ण पहाट, साजेशा आवाजासह.’ सुंदर, भावपूर्ण, साजेसा हीं तीनही विशेषणें लिहिणाऱ्याच्या मनांत भरलेलीं, यंत्राच्या दृष्टीनें रिकामीं. बहुधा सोनेरी धुकें, पक्ष्यांचा किलबिलाट आणि मागें बासरी असें कांहींतरी हातीं येईल. वाईट नव्हे, पण कोणत्याच गांवचें नव्हे. आतां हें पाहा:

‘पहाट. घराचें अंधारें माजघर, कोनाड्यांतील एकाच दिव्याचा उजेड. कॅमेरा जमिनीलगत, स्थिर. एक वृद्ध स्त्री खालीं बसून दगडी जातें फिरवीत आहे; कडेनें पीठ सांडत आहे. अगदीं जवळून दगडावर दगड घासल्याची जड, एकसारखी घरघर. दूर, एकदांच, कोंबड्याचें आरवणें. चौथ्या सेकंदास जातें थांबतें. क्षणभर पूर्ण शांतता. स्त्री दाराकडे मान वळवून दबक्या आवाजांत मराठींत म्हणते, “कोण हाय तिकडं?” संगीत नाहीं. पडद्यावर अक्षरें नाहींत.’

यांत भावनेचा एकही शब्द नाहीं, तरी भीति आली आहे; ही मूकपटाची शिस्त. प्रत्येक ध्वनीला उगम, अंतर आणि वेळ आहे. हा तबकडीचा धडा. शांतता मुद्दाम लिहिली आहे; हा आगगाडीचा. संगीताला स्पष्ट नकार आहे, हा ‘कुंकू’चा. वाक्य तीनच शब्दांचें आहे, कारण आठ सेकंदांत एखाद्या ओळीपलीकडे बोलणें कोंबलें तर पात्र घाईनें बरळल्यासारखें बोलतें. तें अवतरणचिन्हांत घातलें आहे, म्हणजे उच्चारावयाचें कोणतें आणि समजून घ्यावयाचें कोणतें यांत गोंधळ नको. ‘आहे’ न लिहितां ‘हाय’ लिहिलें, कारण ती स्त्री कोणत्या घरांतली हें त्या एका अक्षरभेदावर ठरतें. अक्षरांना मनाई करण्याचें कारण असें कीं, २०२५ मध्यें ‘व्हिओ ३’ नें संवाद असलेल्या चित्रांवर न मागतां अशुद्ध, निरर्थक अक्षरांच्या ओळी उमटविल्याचे अनुभव पुष्कळांस आले होते. नकारही लिहावा लागतो. पण तो थोडा, आणि जें हवें तें आधीं स्वच्छ सांगून झाल्यावर.

जुन्या आणि नव्या संहितेंतील खरा भेद यापुढें आहे. जुन्या लेखकानें एखादी गोष्ट सोडून दिली तर ती जागा दिग्दर्शक, नट, ध्वनिलेखक हीं जिवंत माणसें आपल्या अकलेनें भरून काढीत. जातें म्हटलें कीं प्रभातच्या कामगाराला आपल्या आईचें जातें आठवे. यंत्राला आई नाहीं. त्याला सरासरी आहे. जें त्यानें सर्वांत अधिक पाहिलें व ऐकलें, तेंच तें रिकाम्या जागेंत आणून बसविणार. जगांतील साठविलेल्या चित्रध्वनींत मराठी घरांचा, मराठी बोलींचा वांटा किती अल्प आहे हें सांगावयास नको. म्हणून आम्हीं जें लिहिणार नाहीं तें दुसऱ्याच कोणाच्या घरचें होऊन आमच्या पडद्यावर येईल, आणि पुढची पिढी त्यालाच आपलें समजेल. धोका आहे तो येथें.

आपली भाषा ध्वनीच्या बाबतींत दरिद्री नाहीं. पावसाची रिपरिप निराळी आणि टपटप निराळी. पानांची सळसळ, झऱ्याची खळखळ, बांगड्यांची किणकिण, भांड्यांची खणखण, माणसांची कुजबुज, या प्रत्येक शब्दांत एक ऐकलेली वस्तु आहे. यंत्राला हे सारे शब्द उमजतीलच असें नाहीं. तेव्हां शब्दाबरोबर त्याची फोड द्यावी: कशावर काय पडतें, किती वेगानें, किती जवळ. पण ही फोड करण्यासाठीं लिहिणाऱ्यानें ती रिपरिप आधीं स्वतः ऐकलेली असली पाहिजे. पुष्कळांचे प्रॉम्प्ट फसतात ते शब्द अपुरे पडल्यामुळें नव्हे, कान अपुरे पडल्यामुळें.

एक गोष्ट आणखी. आवाजासह आलेल्या चित्रावर मनुष्याचा विश्वास लौकर बसतो. जिवंत व्यक्तीच्या तोंडीं तिनें न उच्चारलेले शब्द घालणें आतां चार ओळींचें काम झालें आहे. गूगल आपल्या यंत्रांतून निघालेल्या चित्रांत ‘सिंथआयडी’ नांवाची अदृश्य खूण घालतें, तें योग्यच आहे. पण ती खूण यंत्राला दिसते, घरीं बसलेल्या प्रेक्षकाला नव्हे. तेथें लिहिणाऱ्याची नीति हीच खरी खूण.

विंगेंतील प्रॉम्प्टर कधीं प्रेक्षकांपुढें येत नसे, त्यास टाळ्याही मिळत नसत. तथापि नटाच्या आधीं क्षणभर संपूर्ण नाटक त्यालाच दिसत आणि ऐकूं येत असे. प्रॉम्प्ट लिहिणाऱ्याकडून याहून अधिक मागणें नाहीं, आणि याहून कमी घेऊन चालणारही नाहीं. यंत्रास सांगण्यापूर्वीं तें दृश्य त्यानें एकदां डोळे मिटून पाहावें. आणि मग डोळे मिटलेलेच ठेवून, पुन्हां एकदां, नुसतें ऐकावें.