व्हिडिओ कॉन्फरन्सिंग : आयपी क्रमांकाऐवजी पत्ता डायल करताना

मुंबईतील एका खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे नोंदविण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्यता दिली. अशा प्रसंगी कॉल न लागणे परवडत नाही. पलीकडील यंत्राचा आयपी क्रमांक बदलला, तरी ई-मेलसारखा पत्ता कायम राहतो. म्हणून वडाळ्यातील एखाद्या कार्यालयानेही बाहेर कॉल करताना पत्ताच डायल करणे श्रेयस्कर.

पत्त्यातील ‘ॲट’ चिन्हानंतरचे डोमेन घेऊन कॉल सर्व्हर डीएनएसकडे ‘एसआरव्ही’ नोंद मागतो. उत्तरात पलीकडील सर्व्हरचे नाव व पोर्ट मिळतो. एसआयपीसाठी हा पोर्ट सहसा ५०६०, सुरक्षित एसआयपीसाठी ५०६१, तर एच.३२३ साठी १७२० असतो.

त्यासाठी कॉल सर्व्हरमध्ये प्रथम डीएनएस सर्व्हरचा पत्ता नोंदवावा. नंतर बाहेरील डोमेनचे कॉल डीएनएसकडे वळविणारा नियम करावा. त्यातून स्वतःचे डोमेन वगळावे, अन्यथा शेजारच्या खोलीचा कॉलही बाहेरची वाट धरील. फायरवॉलमध्ये डीएनएसचा पोर्ट ५३, तसेच कॉलचे आणि चित्र-ध्वनीचे पोर्ट बाहेर जाण्यास खुले असावेत.

बैठकीच्या आदल्या दिवशी चाचणी कॉल अवश्य करावा. कॉल लागला, पण चित्र वा आवाज आला नाही, तर दोष डीएनएसचा नव्हे, बहुधा फायरवॉलचा समजावा.